झेंड्याला लागलेलं हळदीचं बोट

बोरीच्या वाडीत नवं कापड कोरं कुणी अंगावर घालत नाही. सदरा असो, लुगडं असो, तान्ह्या लेकराचं झबलं असो. ओल्या बोटावर हळद घ्यायची, कापडाच्या कोपऱ्याला टेकवायची, आणि मगच घडी मोडायची. का म्हणून विचारलं तर बाया उलट विचारणाऱ्यालाच हसतात. "का म्हंजी? लावत्यात."

केशरबाईनंही जन्मभर लावलं. आणि त्या एका बोटापायी तुरुंगाचं दार लांबून बघून आली. आता ती गोष्ट तीच रंगवून सांगते, मधेच स्वतःच्याच कपाळाला हात लावून हसते. तिचं हसणं ऐकून वाटतं, त्या दिवशीही गंमतच झाली असेल. तशी झाली नव्हती.

वडीगोद्रीच्या फाट्यावरून आत सात किलोमीटर गेलं की मोसंबीच्या बागा संपता संपता ही वाडी लागते. ग्रामपंचायतीच्या दोन खोल्या, पुढं सिमेंटचा ओटा, आणि ओट्याशेजारी झेंड्याचा खांब. केशरबाई या पंचायतीची शिपाई. आधी तिचा नवरा पुंजाराम शिपाई होता. तो गेला तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती, शिक्षण चौथी, आणि घरात लहानगी आकांक्षा. गावानं ठराव करून तिलाच नेमलं. काही जण म्हणाले, बाईमाणूस नोटिसा घेऊन घरोघर कसं फिरणार? बाईमाणूस फिरली. आधी पदर डोक्यावरून घेऊन, मग खांद्यावर घेऊन, आणि पुढं पुढं तर भर चौकात उभी राहून दवंडी द्यायला लागली. मोठाल्या नोटिशीत काय लिहिलंय ते आधी ग्रामसेवकाकडून समजून घ्यायची आणि मग आपल्या भाषेत सांगायची. त्यामुळं गावाला सरकारी कागद कळायला लागले, असं लोक म्हणतात.

पण तिचं खरं लाडकं काम म्हणजे झेंडा. वर्षातनं चारदा: सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, आणि आपल्याकडचा सतरा सप्टेंबर. बाकी महाराष्ट्राला तीन, मराठवाड्याला चार. सतरा सप्टेंबरचा तिला जरा जास्तच अभिमान, कारण सासऱ्याच्या चुलत्यानं निजामाच्या काळात तिरंगा ज्वारीच्या कणगीत दडवून ठेवला होता. तेव्हा झेंडा फडकवणं हाच गुन्हा होता.

पुंजारामनं शेवटच्या दुखण्यात, खाटेवर पडल्या पडल्या, तिला टॉवेलावर सरकगाठ शिकवली होती. "वाऱ्यानं सुटाया न्हाई पायजे, आन् सरपंचानं ओढली की आडाया न्हाई पायजे," एवढंच त्याचं शास्त्र. टॉवेलात तो ज्वारीचे दाणे घालायला लावायचा, फुलांच्या पाकळ्यांऐवजी. वीस-पंचवीसदा दाणे खाटेवर सांडले तेव्हा कुठं तो म्हणाला, "जमलं." अकरा वर्षांत तिची गाठ एकदाही अडली नाही. झेंडा जमिनीला टेकला नाही, दुमडून कोंबला गेला नाही, सूर्य बुडाल्यावर वर राहिला नाही. कायद्याचं पुस्तक तिनं कधी उघडलं नव्हतं. पण कुणी शिंकताना झेंड्यापुढं तोंड केलं तरी ती डोळे वटारायची.

आणि नेमकी तिच्याच हातून चूक झाली.

त्या वर्षी जुन्या झेंड्याची कड उसवली होती. ग्रामसेवक सोमेश्वर जालन्याहून नवा खादीचा झेंडा घेऊन आले. सोळा सप्टेंबरची संध्याकाळ होती. ऑफिसच्या कपाटाला ओल आलेली, म्हणून ते म्हणाले, "केशरबाई, घरी न्या, सकाळी घेऊन या."

सकाळी तिनं अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली, दिवा लावला आणि देवळीतला झेंडा काढला. कोऱ्या खादीचा वास आला. घडी अशी होती की केशरी आणि हिरवा पट्टा आत, आणि वर नुसता पांढरा. नवऱ्यामागं तिचं कुंकू सुटलं होतं, पण नव्या कापडाचं बोट काही सुटलं नव्हतं. हात हळदीच्या वाटीकडं गेला, बोट टेकलं, आणि ती बाहेर पडली. आपण काय केलं हे तिच्या मनाला कळलंसुद्धा नाही. सवय झालेल्या हाताला मन लागत नाही.

ओट्यावर पाकळ्या घालून तिनं गाठ बांधली. दोरीकडची कड तेवढी बाहेर, बाकी सगळं गुंडाळलेलं. आठ वाजता सरपंच वंदनाताईंनी दोरी ओढली. गाठ लोण्यासारखी सुटली, पाकळ्या पोरांच्या डोक्यावर पडल्या, राष्ट्रगीत झालं, गोळ्या वाटल्या. ऊन लख्ख पडलं होतं. आठवडाभराच्या झडीनंतर असं ऊन पडलं म्हणून लोकांनी घरोघर वाळवणं काढली होती.

दहाच्या सुमाराला सोमेश्वर मोबाईल हातात धरून धावतच आले. चेहरा उतरलेला.

"केशरबाई, हे काय आहे?"

गावाच्या ग्रुपवर सर्जेरावांनी फोटो टाकला होता. झेंड्याचा पांढरा पट्टा मोठा करून, आणि त्यावर पिवळाजर्द ठिपका. खाली लिहिलेलं: राष्ट्रध्वजाचा घोर अपमान. सरपंच आणि शिपाई यांच्यावर गुन्हा दाखल झालाच पाहिजे. १९७१ चा कायदा. तीन वर्षं सजा.

सर्जेराव म्हणजे मागच्या निवडणुकीत वंदनाताईंकडून एकोणीस मतांनी पडलेले गृहस्थ. तेव्हापासून ते पंचायतीच्या गटारीतही भानगड शोधायचे. आज ती त्यांना आभाळात सापडली होती.

केशरबाईनं मोबाईल डोळ्याजवळ नेऊन फोटो पाहिला.

"अगं बया! हे तर बोट हाय."

"कसलं बोट?"

"हळदीचं. मीच लावल्तं."

"झेंड्याला?"

"नवं कापड होतं ना, साहेब."

सोमेश्वर खालीच बसले. मग उठले. "आत्ता उतरवा. साबणानं धुऊन टाकू, इस्त्री करू, परत चढवू. पोलीस यायच्या आत."

"न्हाई जमायचं."

"का?"

"एक तं दिवस बुडायच्या आधी उतरवायचा न्हाई, हे आमच्या मालकांचं सांगणं हाय. दुसरं, साबण लागला की हळद लाल होती, साहेब. आत्ता ठिपका दिसतो, मंग रगत सांडल्यावानी दिसंल. तुमी बायकूला इचारा."

सोमेश्वरांनी खरंच बायकोला फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण साबणाचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

वंदनाताई आल्या. त्यांनीही वर पाहिलं, डोळे बारीक केले. "जे व्हायचं ते होऊ द्या. झेंडा सायंकाळपर्यंत वरच राहील," म्हणाल्या. पण जाताना केशरबाईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात गार होता.

सर्जेराव मोटरसायकलवर ठाण्यात अर्ज द्यायला गेले, तेही दोन माणसं ओट्यासमोर बसवून: झेंड्याला कुणी हात लावू नये म्हणून.

केशरबाई खांबाजवळच्या पायरीवर बसून राहिली. घरी गेली नाही, जेवली नाही. तीन वर्षं. आकडा तिच्या डोक्यात घरघर करत होता. नोकरी जाईल ते वेगळंच. पण पुंजारामच्या जागेवर बसून झेंड्याचा अपमान केला, हे नाव लागेल. शिव्या दिल्या असत्या, चोरी केली असती, तर एक वेळ माणूस कबूल करून मोकळा झाला असता. हे असलं कसं कबूल करायचं? मी प्रेमानं लावलं म्हणायचं? कोण ऐकणार?

दुपारी जालन्याहून आकांक्षाचा फोन आला. ती तिथं नर्सिंग शिकते.

"आई, जेवलीस का?"

"हो."

"खोटं बोलू नको. बरं, हे खोटं बोल: कुणी विचारलं की म्हण, मला काही माहीत न्हाई, फोटोच खोटा आहे. आजकाल मोबाईलवर कायबी करता येतं."

"तुझ्या बापानं मला गाठ शिकवली, खोटं बोलायचं न्हाई शिकवलं."

"मंग मी शिकवते ना! एकच वाक्य आहे, आई. पाठ कर."

केशरबाईनं फोन ठेवला. खरं सांगायचं तर ते वाक्य तिनं मनात दोनतीनदा म्हणूनही पाहिलं.

साडेपाचला पोलीस आले. म्हणजे आल्या. हवालदार संध्या खरात, स्कूटीवरून, एकट्याच. पाठोपाठ सर्जेराव. संध्यानं टोपी नीट केली, खांबाकडं बघून सॅल्यूट केला आणि विचारलं, "सूर्यास्ताला उतरवता ना? मंग तेव्हाच बघू. तोवर पाणी द्या कुणीतरी."

"मॅडम, कडक कारवाई पायजे," सर्जेराव म्हणाले. "आज ठिपका लावला, उद्या काय लावतील?"

"उद्याचं उद्या बघू, काका."

निम्मं गाव ओट्यापुढं जमलं. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. साडेसहाला, सूर्य बुडताना, केशरबाईनं दोरी सोडली. झेंडा हळूहळू खाली आला. तिनं तो नेहमीसारखाच दोन्ही हातांवर झेलला. आत टेबलावर स्वच्छ चादर घातली होती, तिच्यावर झेंडा पसरला. संध्यानं टॉर्च लावला.

पांढरा पट्टा पांढरा होता.

सर्जेरावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. झेंडा उलटून पाहिला. "बदलला! झेंडाच बदलला यांनी!"

"तुमचीच माणसं बसली होती की दिवसभर," सोमेश्वर म्हणाले. त्यांच्या आवाजाला सकाळपासून पहिल्यांदाच जरा धार आली होती.

त्या दोघांनी माना हलवल्या. कुणी हात लावला नव्हता. एकजण तर म्हणाला, "आम्ही मुतायलाबी पाळीपाळीनं गेलो, मॅडम." बाया फिसकन हसल्या.

"मंग फोटोत काय आहे?" संध्यानं विचारलं.

टेबलाखाली सोमेश्वरांचा बूट केशरबाईच्या पायाला लागला. एकदा, मग परत एकदा. गप राहायचं. एवढंच करायचं होतं. ठिपका नव्हता, झेंडा कोरा होता, वाक्य पाठ होतं.

केशरबाईनं पाय मागं घेतला.

"आता न्हाई, पण होतं," ती म्हणाली. "हळदीचं बोट होतं ते. मी लावल्तं." तिनं जागा दाखवली. दोरीच्या शिवणीपासून चार बोटं आत. नीट पाहिलं तर तिथं दुधावरच्या सायीइतका फिका डाग उरला होता. "उन्हानं खाल्लं. हळद धुतल्यानं जात न्हाई, मॅडम, उन्हात जाती. झड असती तं राहिलं असतं. आज दिवसभर कडक होतं."

सोमेश्वरांनी डोळे मिटून घेतले.

"का लावलं?" संध्यानं विचारलं.

"नवं कापड होतं."

"म्हणजे?"

"म्हंजी... नव्याला लावत्यात. मी ठरवून न्हाई लावलं, हातच गेला. पण माझाच हात हाय. सरपंचबाईंचा काय संबंध न्हाई, त्यांनी नुसती दोरी वढली."

"ऐकलं ना, कबूल केलं!" सर्जेराव पुढं सरसावले. "लिहून घ्या, मॅडम. तीन वर्षं!"

तेवढ्यात दाराशी दाटलेल्या बायांच्या घोळक्यातून आवाज आला. "मंग मलाबी घाला आत." सर्जेरावांच्या बायको, उषाबाई. कमरेवर हात. "तुमच्या अंगात हा जो नवा पांढराशुभ्र सदरा हाय, झेंडावंदनाला म्हणून घातलेला, त्याला सकाळी कुणी बोट लावलं? कॉलर उलटी करा. मॅडम, बघा तुमी."

सर्जेरावांचा हात आपोआप मानेकडं गेला. तेवढं पुरेसं होतं. ओट्यावरचे पुरुषसुद्धा हसायला लागले.

"सदरा आन् झेंडा एक असतो का?" सर्जेराव चिडून म्हणाले.

"न्हाई असत," संध्या म्हणाली, आणि हसणं थांबलं. "ते काकांचं बराबर आहे." तिनं मोबाईलवर कायदा उघडला आणि सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: झेंडा जाळणं, फाडणं, मळवणं, तुडवणं, त्याची विटंबना करणं, हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, दंड आहे. झेंड्यावर काही लिहायचं नाही. खूण करायची नाही. कसलीच.

केशरबाई उभ्या जागी आकसली.

"मावशी, आमच्या घरी असं बोट लावत न्हाईत," संध्या तिच्याकडं वळून म्हणाली. "आमच्या आईनं लावलं न्हाई, मी लावत न्हाई. पण झेंडा माझाही आहे ना? म्हणून त्याला तुमच्या घरचंही लावायचं न्हाई आणि माझ्या घरचंही. त्याला कोराच ठेवायचा. समजलं?"

हे केशरबाईला असं कुणी सांगितलं नव्हतं. "समजलं," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

संध्या बाहेर जाऊन साहेबांशी फोनवर बोलायला लागली. सगळं गाव तिच्या पाठीकडं बघत होतं. "हो सर... न्हाई सर, स्वतःहून सांगितलं... उद्देश न्हाई सर... हो, हळद... घरातली, सर... हो, जबाब घेते." मग बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर."

ती आत आली तेव्हा केशरबाई टेबलाची कड धरून उभी होती.

"बसा, मावशी. संपलं."

"म्हंजी कसं?"

"म्हंजी गुन्हा न्हाई. अपमान करायचा म्हणून केलं, असं यात काहीच दिसत न्हाई, साहेबांचंही तेच म्हणणं. तुमचा जबाब घेते, पुढं असं करू नका अशी लेखी समज देते, अर्जाला जोडते. तुम्ही न्हाई म्हणाला असतात ना, तर मला हा झेंडा आणि काकांचा मोबाईल दोन्ही तपासायला पाठवावे लागले असते, महिनोन् महिने. खरं बोललात म्हणून माझंही काम जल्दी झालं."

वंदनाताईंनी खुर्ची ओढून केशरबाईला बसवलं. सकाळपासून डोळ्यात टिपूस नव्हता, आता पाणी घळाघळा वाहायला लागलं आणि मधेच तिला हसूही यायला लागलं. सोमेश्वर म्हणाले, "मी तुम्हाला किती बूट मारले, केशरबाई!" तर ती म्हणाली, "उद्या पाय सुजला तं तुमच्याच नावानं अर्ज देते."

जबाबावर तिनं पूर्ण नाव लिहून सही केली, पुंजारामच्या नावासकट. मग पेन खाली ठेवताना हळूच विचारलं, "मॅडम, सव्वीस जानेवारीला झेंडा कोण बांधंल?"

"आता ते मी कसं सांगू? तुमच्या सरपंचांना विचारा."

"विचारायचं काय त्यात," वंदनाताई म्हणाल्या. "गावात दुसऱ्या कुणाला ती गाठ येते का?"

झेंड्याची घडी केशरबाईनंच घातली. तो फिका डाग एक-दोन उन्हांत जाईल, नाही गेला तर तो झेंडा आता वर चढवायचा नाही आणि नियमाप्रमाणे मानानं निरोप द्यायचा, हे संध्यानं सोमेश्वरांना नीट समजावून सांगितलं आणि स्कूटीला किक मारली.

अंधार पडता पडता केशरबाई घराकडं निघाली. मागून चपला वाजल्या. सर्जेराव. सदऱ्याची कॉलर अजून उभीच होती.

"वहिनी... अर्ज मागं घेतो मी. म्हंजी, माझं भांडण तुमच्याशी न्हवतंच."

"ते म्या सकाळीच वळखलं, भाऊजी. भांडण वंदनाताईंशी, आन् मान माझी."

सर्जेरावांनी उभी कॉलर खाली दुमडली.

"जा आता घरी. उषाबाई जेवायला वाढते का ते बघा आधी."

घरी जाऊन तिनं दिवसभराच्या भुकेनं दोन भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्या, वर ताक प्याली, आकांक्षाला फोन करून "तुझं वाक्य वापरलं न्हाई" एवढंच सांगितलं आणि आडवी झाली. पहाटे पाच वाजता गावाच्या नळाचा कॉक सोडायचं कामही तिचंच. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी नळाला पाणी नव्हतं. बाया हंडे घेऊन रांगेत बसल्या होत्या. एकीनं जाऊन दाराला कान लावला, आतलं घोरणं ऐकलं, आणि परत येऊन म्हणाली, "झोपू द्या तिला. हापशावर जाऊ."